साखराबाईचा अंगठा

माझ्या हाताखालून हजारो अंगठे गेलेत. सही करणाऱ्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. सही आज अशी, उद्या तशी, आणि परवा माणूस सरळ म्हणतो की ही माझी नाहीच. अंगठा मात्र खोटं बोलत नाही, असं मी नव्या कारकुनांना वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आलो. आता सांगत नाही. का सांगत नाही, तेच लिहायला बसलोय.

मी केदारनाथ. मूळचा दिंद्रुडचा, आणि बीडच्या कोर्टात विरुपाक्ष वकिलांकडे मुन्शी. वकीलसाहेब काळा कोट घालून बोलायचे, पण दावा उभा करायचा मी. साक्षीदार गोळा करणं, त्यांना पढवणं, कागदाला कागद जोडणं ही सगळी माझी कामं. साहेबांना हे मान्य नव्हतं. जिंकलेला दावा त्यांचा आणि हरलेला माझा, अशी आमची वाटणी होती.

बाजाराच्या दिवशी मी वडवणीला जाऊन ऊसतोडीचे बाँड लिहायचो. पोळ्याच्या सुमाराला मुकादम मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, त्यांच्याकडून बाँडवर अंगठा घेतो आणि दिवाळी झाली की त्यांना ट्रकात भरून खाली कारखान्यावर नेतो. उचल एकट्या माणसाला मिळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्याला. बाई आजारी पडली, पोटुशी राहिली, तरी कोयता अर्धा होत नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. तरी कायद्यापेक्षा जास्त पाळलं जातं, आणि ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

पंच्याण्णवच्या पोळ्याला मोहनराव मुकादमाची यादी घेऊन मी लिंबाखाली बसलो होतो. शहादेवचा अंगठा झाला, आता त्याच्या बायकोचा घ्यायचा होता. मी हाक मारली, "साखराबाई." बाई चार हातांवर बसलेली, माझ्याकडेच बघत होती, पण हलली नाही. दुसरी हाक मारली, तरी नाही. तिसऱ्या हाकेला "ओ" म्हणून उठून आली.

"बहिरी हाईस का गं?" मोहनराव खेकसला.

"न्हाई, मालक," ती म्हणाली आणि मग माझ्याकडे वळली. "राग धरू नका, आप्पा. आमच्यात पहिल्या-दुसऱ्या हाकंला ओ देत न्हाईत. मानसाची हाय का दुसऱ्या कशाची, काय कळतंय? तिसरी हाक मारनारा मानूसच आसतो."

मी हसलो आणि तिचा डावा हात धरला. डाव्या हातानं ऊस धरायचा आणि उजव्यानं कोयता मारायचा, त्यामुळे तोडणीवाल्यांचे डावे हात नेहमी घाव खाल्लेले. हिच्या अंगठ्यावर तर नखापासून खालपर्यंत तिरपा घाव बसून गेलेला. शाई लावून दाबला, तेव्हा ठशाच्या मधोमध एक पांढरी तिरपी रेघ उमटली. मी म्हणालो, "बाई, हा अंगठा मी शंभरात ओळखीन." तिलाही हसू आलं.

दिवाळीनंतर टोळी निघाली. फायनान्सवर काढलेला नवाकोरा ट्रक होता. घाट उतरताना ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये घातली आणि वळणावर ती हातातून गेली. चार माणसं जागीच मेली. शहादेवच्या मांडीचा चुरा झाला, तो बेशुद्ध होता. बाकीचे रडत-ओरडत होते, म्हणून पंचनाम्याच्या वेळी मोहनरावनं खिशातली यादी काढून मेलेल्यांची नावं वाचली. पेपरात ती चारही नावं आली. त्यातलं दुसरं नाव साखराबाईचं होतं. मला तो अंगठा आठवला, आणि खरंच वाईट वाटलं.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, कोर्टाच्या व्हरांड्यात मी झेरॉक्स लावत बसलो होतो. समोर सावली पडली म्हणून वर बघितलं, तर साखराबाई उभी. पोट पुढं आलेलं, सात-आठ महिन्यांची असेल. तिच्या शेजारी सहा-सात वर्षांची एक पोर पदर धरून उभी होती. माझ्या हातातले कागद खाली पडले.

"आप्पा," ती म्हणाली, "मी मेलेय म्हनं. खरं हाय का, ते इचारायला आले."

मी तिला आधी खाली बसवलं, पाणी दिलं. पाणी पितेय हे बघितलं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं सांगितलं ते असं. आधी दोनदा ती उसाच्या फडातच बाळंत झाली होती आणि दोन्ही लेकरं गेली होती. या वेळी तिनं मोहनरावचे पाय धरले की मला मागं राहू द्या. तो म्हणाला, कोयता पुरा पाहिजे, नाहीतर घेतलेली उचल परत टाका. उचल तर कधीच खर्च झालेली. तेव्हा धाकटी बहीण वच्छला पुढं झाली. वच्छलाचा नवरा सटवा विहीर खोदताना दरड अंगावर येऊन मेला होता. तेव्हापासून ती पोरीला घेऊन बहिणीकडेच राहायची.

"वच्छला म्हनली, मी जाते. सा म्हयने मीच साखरा व्हते. कारखान्याच्या यादीत माजंच नाव गेलतं, तवा समद्यांनी तिला शिकवून ठिवलं. साखरा म्हनून हाक आली की ओ द्यायची." तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही तिची. करिष्मा. व्हिडिओवर त्या नावाचा शिनेमा बघून ठिवलंय नाव. आता हिला आई न्हाई, बाप न्हाई. वच्छला माज्या जाग्यावर गेली, आप्पा. हिला कायतरी लावून दिल्याबिगर मला घास गिळायचा न्हाई."

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं की, बाई, आधी पंचनामा दुरुस्त करून घे. पण मुन्शीचं डोकं. मी मनातल्या मनात दावा मांडला. मेलेली बाई वच्छला आहे म्हटलं, तर वच्छलाचं नाव ना मुकादमाच्या यादीत, ना कारखान्याच्या. ट्रकची विमा कंपनी म्हणणार, ही बाई गाडीत होती कशावरून? मुकादम कानावर हात ठेवणार. दावा पहिल्याच तारखेला झोपणार. आणि मेलेली साखराबाईच असली तर? पंचनामा तिच्या नावाचा, डॉक्टरांचा दाखला तिच्या नावाचा, बाँडवर तिचा अंगठा, आणि दावा लावायला नवरा जिवंत. एवढा सरळ दावा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"असं कर," मी म्हणालो. "कागदावर साखराबाईला मेलेलीच राहू दे. शहादेव दावा लावील, आलेली भरपाई पोरीच्या नावानं ठेवू. तू निकालापर्यंत वच्छला हो. मयताची बहीण म्हणून साक्ष दे. तुझ्या बहिणीनं तुझं नाव लावलं, आता तू तिचं लाव. फिटंफाट."

"आनि माजं नाव?"

"उसनं दिलं समज. निकाल लागला की परत."

ती पोरीच्या वेणीशी चाळा करू लागली. "उसनं दिल्यालं परत येतं का, आप्पा?"

"कागदावरचं येतं," मी म्हणालो. हे वाक्य मी किती सहज बोललो, ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वकीलसाहेबांना यातलं काही कळू दिलं नाही. त्यांच्या वस्तीतल्या लोकांनाही बोलू नका म्हणून बजावलं. गावानं कबूल केलं, कारण त्यात त्या अनाथ पोरीचं भलं होतं. साखराबाईची उजळणी मीच घेत असे. तुझं नाव काय? वच्छलाबाई सटवा. मयत तुझी कोण? थोरली बहीण. शहादेव तुझा कोण? इथं ती अडखळायची. मी म्हणायचो, दाजी म्हण, दाजी, बहिणीच्या नवऱ्याला काय म्हणतेस? मग ती खाली मान घालून म्हणायची, दाजी.

"आणि हे बघ," मी म्हणालो, "वच्छला विधवा होती. कोर्टात कुंकू लावून कशी उभी राहशील? आतापासूनच सवय मोडलेली बरी." तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं आणि गळ्यातली पोत काढून कनवटीला बांधली. नवरा जिवंत असलेल्या बाईला मी हे सांगितलं, आणि तेही कोर्ट फी स्टँप चिकटव म्हणावं इतक्या सहज.

मार्गशीर्षात ती बाळंत झाली. मुलगा झाला, तोही धडधाकट. दोन लेकरं गेल्यावरचं हे तिसरं. निरोप घेऊन आलेला वस्तीतला सिदू पेढे द्यायला लागला, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करू नका म्हणालो. कागदावर साखराबाई महिन्यापूर्वी मेलेली. मग हे बाळ कुणाचं? वच्छलाचं म्हणावं, तर तिचा नवरा जाऊन चार वर्षं झालेली. नोंद नको, बारसंही नको, उगाच बोभाटा होतो. नाव निकालानंतर ठेवू. अशा रीतीनं त्या बाळाला आई नाही आणि नावही नाही, अशी सोय मी लावून दिली.

चैत्रात शहादेव माझ्याकडे आला. कुबडी घेऊन चालत होता, एक पाय आखूड झालेला. मी चहा मागवला, तो तसाच निवला.

"आप्पा, आता ते शिकवनं बंद करा," तो शेवटी म्हणाला. "घरात बी दाजीच म्हनती ती मला."

"सवय लागली असेल. बरंच आहे, साक्षीत चुकणार नाही."

"सवय न्हाई ती." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "चूल वच्छलासारखी पेटवती. आधी गवरी, मंग काडी. साखरा कवाच तसं करत नव्हती. चालताना वच्छलावानी डावा पाय वडती. करिष्मा तिला आई म्हनती, आनि ती लगीच ओ देती. पहिल्याच हाकंला. लेकराचं दूध तर पंधरा दिवसांत आटलं. शेळीचं पाजतोय. परवा लेकरू रडत व्हतं, तर म्हनली, दाजी, तुमच्या लेकराला घ्या, मला पोरीची येनी घालायचीय."

मी काहीतरी बोलून त्याची समजूत घालणार होतो. बाळंतपणानंतर बायका अशा होतात, वगैरे. पण तो थांबला नाही.

"तुमाला यक सांगितलं न्हाई. घाट चढून झाल्यावर विंजन तापलं, म्हनून गाडी वर थांबवली व्हती. दुपार व्हती. आमी समदे ट्रकातच. खालनं यकच हाक आली, साखरा. वच्छलानं लगीच ओ दिली. तिला शिकवलंच व्हतं तसं. मी इचारलं, कुनी हाक मारली? टोळीतल्या कुनीच मारली नव्हती. खाली डोकावून बघितलं, तर रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. मंग गाडी सुटली आन उताराला लागली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. बोलावनं साखराला व्हतं, गेली वच्छला. हिसाब चुकला. ज्यानं कुनी बोलावलं, त्यो काय सोडतोय व्हय?" तो उठला. "लवकर निकाल लावा, आप्पा. मला माजी बायको परत पायजे."

मी हे सगळं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. शिकल्यासवरल्या माणसानं असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात. पण त्या दिवसापासून व्हरांड्यात कुणी पाठीमागून हाक मारली, तर मी एकदम वळायचं सोडलं.

श्रावणात साक्ष झाली. पट्टेवाल्यानं "वच्छलाबाई सटवा" म्हणून पुकारा केला, आणि पहिल्याच पुकाऱ्याला ती उठून पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. एकही उत्तर चुकली नाही. मी न पढवलेलीसुद्धा उत्तरं तिनं दिली. ट्रकात कोण कुठं बसलं होतं, पुढच्या फाळक्याला कुणाची पेटी टेकवलेली होती, असं सगळं. मला वाटलं, वस्तीत ऐकलं असेल. शेवटी सरतपासणीत नसलेलं एक वाक्य ती आपणहून बोलली. "पडताना लई येळ लागला." न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. "तुम्ही ट्रकात होता?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई, म्या न्हाई. बहीन व्हती."

विमा कंपनीचे वकील मात्र कसलेले होते. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं की साखराबाई जिवंत आहे. त्यांनी मोहनरावचा बाँड कोर्टात मागवला आणि अर्ज दिला की बाँडवरचा मयत साखराबाईचा अंगठा आणि या साक्षीदार बाईचा अंगठा तज्ज्ञाकडून ताडून बघावा. दोन्ही एकाच बाईचे निघाले, तर दावा खोटा. अर्ज मंजूर झाला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो अंगठा मीच दाबलेला, माझ्या हातानं. ती तिरपी रेघ आंधळ्यालाही दिसली असती, तज्ज्ञ कशाला पाहिजे? दावा तर जाणारच होता. शहादेव, साखराबाई आणि मी, तिघंही फसवणुकीत आत जाणार होतो. करिष्माच्या हाती काहीच लागणार नव्हतं, आणि ते तान्हं लेकरू कुणाकडे टाकायचं? कोर्टातच कारकुनानं तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. मला बघवेना. मी खिडकीबाहेरच्या एस.टी.डी. बूथकडे बघत उभा राहिलो.

औरंगाबादहून दिवाळीच्या आत अहवाल आला. वकीलसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला. दोन्ही ठसे वेगवेगळ्या व्यक्तींचे आहेत. साहेब खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, खऱ्याला मरण नाही." मी अहवालाला जोडलेले फोटो हातात घेतले. एका ठशात तिरपी पांढरी रेघ. दुसरा ठसा स्वच्छ, कुठं एक ओरखडाही नाही.

पुढच्या तारखेला ती व्हरांड्यात भेटली. मी तिचा डावा हात धरला आणि उलटा केला. एरवी परक्या बाईचा हात असा धरायची माझी हिंमत झाली नसती. अंगठा साफ होता. घावाची खूण नाही, घट्टा नाही, काहीच नाही.

"इथली कोयत्याची खूण कुठं गेली?" मी विचारलं.

"म्या कवा धरला कोयता, आप्पा?" तिनं हात सोडवून घेतला. "मी तर पहिल्यांदाच निघाले व्हते."

मला भीती वाटली. तशी भीती आयुष्यात पुन्हा वाटली नाही. ती घरी गेल्यावरही मी तिथंच बसून राहिलो, आणि वकीलसाहेबांनी आतून दोन हाका मारल्या तरी मी ओ दिली नाही.

सत्त्याण्णवच्या पोळ्याच्या आधी निकाल लागला. दावा मंजूर झाला. शहादेवनं शब्द पाळला, सगळी रक्कम करिष्माच्या नावानं बँकेत ठेवली. आता माझा शब्द राहिला होता. मी डोकं लढवून कागद तयार केले. शहादेवनं पहिली बायको वारल्यावर दुसरं लग्न केलं, हिचंही नाव साखराबाईच, आणि हा मुलगा तिच्या पोटचा, जन्मतारीख वर्षभर पुढं ढकललेली. उशिरा जन्मनोंदीचा अर्ज, खाली आईचा जबाब: "मी साखराबाई शहादेव. हा मुलगा माझा आहे." त्याच्याखाली अंगठ्याची जागा मोकळी. एवढा अंगठा झाला की बाळाला आई मिळणार होती, आईला नाव, आणि मला झोप.

वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार टळटळीत होती. रस्त्याच्या कडेला लिंब, आणि लिंबापासून वीसेक पावलांवर शहादेवचं घर. शहादेव बाहेर बाजेवर बसलेला. बाळ त्याच्या पायाशी मातीत खेळत होतं. पावणेदोन वर्षांचं झालं होतं, चालायचं, पण अजून बोलत नव्हतं. ती दारात परातीत पीठ मळत होती आणि करिष्मा तिच्या पाठीला टेकून धडा वाचत होती. मी दगडावर कागद पसरला, वर वजन ठेवलं, शाईचा पॅड उघडून शेजारी मांडला.

"ये बाई, निकाल लागला. तुझं नाव परत घे."

तिनं मान वर केली नाही. "कंचं नाव?"

"तुझं. साखराबाई. आणि हे लेकरू तुझ्या नावानं लावायचंय."

"ते साखराचं लेकरू हाय." ती शांतपणे म्हणाली, जशी एखादी शेजारीण सांगते. "आनि ती तर मेली. तुमीच कागद केला न्हवं?"

शहादेवनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. बाळ उठून तिच्याजवळ गेलं, परातीला हात लावायला लागलं. तिनं कोपरानं त्याला हळूच बाजूला सारलं. मारलं नाही, ढकलून दिलं नाही. लोकाच्या लेकराला सारतात तसं सारलं. बाळ रडायला लागलं, आणि करिष्मा वाचायची थांबली.

माझं डोकं फिरलं. तिच्यावर नव्हे, स्वतःवर. मी उठून उभा राहिलो आणि कोर्टाच्या पट्टेवाल्यासारखा पुकारा केला, "साखराबाई." ती पीठ मळत राहिली. पुन्हा म्हणालो, "साखराबाई." बाजेवरून शहादेव म्हणाला, "आप्पा, नका." पण माझ्या डोक्यात एकच होतं, की तिसरी हाक माणसाची असते आणि तिसऱ्या हाकेला ती ओ देते. मी सगळा जीव एकवटून तिसरी हाक मारली.

"ओ."

दारातून नव्हे. माझ्या पाठीमागून, लिंबाच्या बाजूनं. वडवणीच्या बाजारात ऐकली होती तीच, जराशी संकोचलेली.

बाळाचं रडणं थांबलं. ते रस्त्याच्या दिशेनं बघून हसलं, दोन्ही हात वर केले आणि तुरूतुरू चालायला लागलं. लिंबाखाली जाऊन त्यानं मूठ वळली, पदर धरताना वळतात तशी, आणि ती मूठ धरूनच उभं राहिलं. झाडाखाली कुणी नव्हतं. दुरून एक ट्रक येत होता. मी धावत जाऊन बाळाला उचललं. त्याची मूठ सुटता सुटेना, आणि ते मान वळवून मागं बघत राहिलं. ट्रक धूळ उडवत निघून गेला.

परत आलो तेव्हा शहादेव बाजेवरून उठून, कुबडी न घेता, त्या दगडापाशी उभा होता. कागदाकडे बोट दाखवत होता. दारातली बाई तिथंच होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. अंगठ्याच्या मोकळ्या जागेवर ओली शाई चमकत होती. ठसा स्पष्ट होता, आणि त्याच्या मधोमध तिरपी पांढरी रेघ.

शहादेव खाली बसला आणि त्या शाईला न पुसता, नुसतं बाजूनं बोट फिरवत, लेकरासारखा रडला. मलाही आवरलं नाही. मी उसनं घेतलेलं नाव परत देऊ शकलो नव्हतो. तीच येऊन लेकरासाठी तेवढं लावून गेली होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. शहादेवनं मुलाचं नाव रामेश्वर सांगितलं होतं. ग्रामसेवकानं जाड भिंगाचा चष्मा चढवून जबाब वाचला, अंगठ्यावर बराच वेळ नजर ठेवली आणि रजिस्टर ओढलं.

"आई समक्ष हजर होती ना, मुन्शी? की घरी बसून लावलाय अंगठा?"

"हजर होती," मी म्हणालो.